राजवाड्यातल्या बायका आणि आपली सही

दुपारची जेवणं आटोपली, भांडी पालथी पडली, की आपल्यातल्या बऱ्याच जणी हल्ली युरोपातल्या जुन्या काळच्या मालिका लावून बसतात. 'डाउन्टन अ‍ॅबी', 'द क्राउन', कुठल्याशा राणीची, कुठल्याशा सरदाराच्या वाड्याची. मीही बघते आणि आवडीनं बघते. माझं भांडण मालिकांशी नाही. त्या बघून झाल्यावर आपल्या तोंडून जी दोन वाक्यं निघतात त्यांच्याशी आहे.

पहिलं वाक्य असं: "बाई, ह्या गोऱ्यांच्यात माया म्हणून नाहीच. वाड्यासाठी मायलेकी काय, भाऊ-बहिणी काय, सगळे टपूनच बसलेले. आपल्याकडं असं नसतंय." आणि दुसरं: "पण काय म्हणा, बाईची जात इथूनतिथून सारखीच. कारस्थान रक्तातच."

दोन्ही वाक्यं खोटी आहेत. खोटी आहेत एवढ्यावर भागलं असतं तर मी लिहायला बसले नसते. ह्या दोन वाक्यांपायी आपण पिढ्यान् पिढ्या नुकसान सोसत आलोय, आणि ते नुकसान आपल्याच लेकींच्या पदरात टाकतोय.

'डाउन्टन अ‍ॅबी'चंच घेऊ. गोष्ट १९१२ साली सुरू होते. टायटॅनिक बुडाली आणि तिच्यासोबत वाड्याचा वारस बुडाला. वाड्याच्या मालकाला तीन मुली आहेत. तिन्ही हुशार, धडधाकट, डोळ्यांसमोर वाढलेल्या. पण वारस पुरुषच हवा असा जुना कागद असल्यामुळं वाडा, जमीन, पदवी सगळं जाणार मँचेस्टरच्या एका लांबच्या भाऊबंदाकडं. मुलींच्या आईनं लग्नात अमेरिकेहून आणलेला पैसाही त्याच इस्टेटीत बांधला गेलेला. तोही त्या भाऊबंदाच्या घरात.

इथं एक गोष्ट नीट बघा. सासू आणि सून, ज्यांचं एरवी एका खोलीत पटत नाही, त्या दोघी हा कागद मोडायला एक होतात. बाप मात्र हात वर करतो. तो वाईट माणूस नाही. लेकींवर त्याचा खरोखर जीव आहे. पण त्याचं म्हणणं, वाडा माझ्या हातात वाडवडलांची ठेव म्हणून आलाय, तो तसाच पुढं द्यायचा. 'पुढं' म्हणजे पुरुषाकडं, हे त्यानं कधी तपासूनसुद्धा बघितलेलं नाही.

लेकीवर जीव असणं वेगळं आणि लेकीला वाटा असणं वेगळं, हे ती मालिका सुरुवातीलाच सांगून टाकते. आपल्या सासू-सुनांच्या मालिकांत असं कधी बघितलंय? विषाचा पेला असतो, जिन्यावरून ढकलणं असतं, मेलेला नवरा परत येतो. फक्त राहतं घर कुणाच्या नावावर आहे एवढं कधी सांगत नाहीत. कागद झाकून ठेवला की बायका उगाच भांडताना दिसतात, आणि मग बघणाराला वाटतं, ह्यांचा स्वभावच तसला.

आता मायेचं बघू. जेन ऑस्टेन ह्या लेखिकेची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' कादंबरी १८११ साली आली. १९९५ मध्ये तिच्यावर सिनेमाही झाला. तिच्या सुरुवातीलाच बाप मरताना मुलाला सांगतो, तुझ्या सावत्र आईकडं आणि तीन बहिणींकडं बघ. मुलगा शब्द देतो. मनात ठरवतो, प्रत्येक बहिणीला हजार पौंड देऊ. बायको म्हणते, एवढे? मग पाचशेवर येतो. मग वाटतं, त्यापेक्षा आईला वर्षाला शंभर द्यावेत. तेही जड वाटतं, म्हणून मधूनमधून पन्नासेक भेट द्यावी. शेवटी ठरतं काय, तर त्यांना सामान हलवायला मदत करायची आणि हंगामात मासे, शिकार पाठवायची. हे सगळं एका बैठकीत, आणि अगदी गोड शब्दांत. त्या भावाला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपण दिलेला शब्द पाळतोय.

हे वाचून "गोऱ्यांच्यात माया नाही" म्हणणारीनं जरा आपल्याकडं बघावं. आपल्याकडं नागपंचमीला लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, लाडू-तंबिट करतात, जाताना साडी-चोळी, नारळ, एखादं भांडं. दिवाळीत भाऊबीज. वडील होते तोवर सगळं भरभरून. वडील गेल्यावर सुतक फिटतं न फिटतं तोच एक दिवस भावाचा फोन येतो, "अक्का, एक सही पाहिजे होती. तलाठ्याचं काहीतरी काम हाय." सही होते. पुढल्या पंचमीला साडी जरा हलकी येते. मग फोनवर आमंत्रण येतं. मग तेही राहून जातं. हजार पौंडांचे मासे होतात ते असे. फरक एवढाच की त्यांच्या गोष्टीत पौंडांचा हिशेब मांडलाय आणि आपण हिशेब मांडणारीला लोभी म्हणतो.

आणि वहिनीला शिव्या देऊन मोकळं होऊ नका. त्या कादंबरीतली वहिनी स्वार्थी आहे, मान्य. पण आपल्या घरातली वहिनीसुद्धा कुठल्यातरी घरची लेक असते. तिच्या माहेरी तिची सही आधीच होऊन गेलेली असते. जिला स्वतःच्या बापाच्या घरी काही उरलेलं नाही, ती नवऱ्याच्या घरातलं घट्ट धरून बसणारच. दोघी रिकाम्या हातांच्या बायका एकमेकींच्या जिवावर उठतात आणि कागद ज्याच्या नावावर आहे तो ओट्यावर बसून म्हणतो, "बायकांचं काही खरं नाही."

इथं दुसरं वाक्य येतं, कारस्थानाचं. त्यासाठी युरोपात जायची गरज नाही. बिदरच्या किल्ल्यात चला.

१४६१ साली बहामनी सुलतान हुमायून वारला. त्याचा मुलगा आठ वर्षांचा. त्याला गादीवर बसवून कारभार बघायला तिघांचं मंडळ झालं: ख्वाजा जहान तुर्क, महमूद गावान आणि मुलाची आई. त्या बाईला आपण 'मखदूमा-ए-जहान' ह्या पदवीनंच ओळखतो. नवरा जुलमी म्हणून बदनाम, लेक लहान, आणि राज्य कोवळ्या पोराच्या हातात बघून शेजारी चालून आलेले. माळव्याच्या सुलतानानं बिदर शहर घेतलं तेव्हा ती लेकाला घेऊन भीमेकाठच्या फिरोजाबादला गेली, गुजरातची मदत आली आणि राज्य वाचलं. १४६३ मध्ये तो लेकही गेला. तिनं धाकट्याला बसवलं. ख्वाजा जहान डोईजड झाला तेव्हा त्याचा काटा तिनंच काढवला, असं इतिहासात येतं. धाकटा मोठा झाल्यावर ती कारभारातून बाजूला झाली.

मालिका करायला घेतली तर ही बाई कारस्थानी आई म्हणूनच दाखवतील, लाल ओठ आणि तिरपी नजर. पण तिच्याजवळ होतं काय? ना तिच्या नावानं गादी, ना सैन्य. जे होतं ते 'राजाची आई' एवढंच. ज्या दिवशी लेक मोठा झाला त्या दिवशी तेही संपलं. अधिकार कुणाच्या तरी आडून चालवायचा असेल तर माणूस दाराआडूनच बोलतो, मग ते पुरुष असो की बाई.

पुरुषांचं म्हणाल तर त्याच बिदरचं बघा. ह्याच महमूद गावाननं १४७२ मध्ये बांधून पुरा केलेला मदरसा आजही शहराच्या मधोमध उभा आहे. १४८१ च्या एप्रिलात त्याचा शिरच्छेद झाला. का? त्याच्या वैऱ्यांनी त्याच्या शिक्का सांभाळणाऱ्याला फितवलं, एका कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि मग त्यावर ओरिसाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतानानं शिक्का ओळखला, बाकी काही विचारलं नाही. वर्षभरात सुलतानही गेला आणि राज्याची शकलं व्हायला लागली. हे पत्र लिहिणारे सगळे दरबारी सरदार होते. त्यावरून आजवर कुणी म्हटलंय का, पुरुषाची जातच कारस्थानी?

आणि पुण्याच्या आनंदीबाईचं काय झालं? १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्र्यांनी दोष दिला राघोबादादांना. पेशवाई हवी होती ती राघोबादादांना. पण लोकांच्या लक्षात राहिला तो एका बाईनं केलेला 'ध'चा 'मा'. खरा की खोटा, कुणी पुरावा मागितला नाही. म्हण मात्र होऊन बसली. कोल्हापूरच्या ताराबाई-राजसबाईंचं भांडणही आपण 'सवतीमत्सर' म्हणून निकालात काढतो. दोघी राजारामांच्या राण्या. गादीवर दोघींपैकी कुणालाच स्वतःच्या नावानं बसता येत नव्हतं. ताराबाईंनी १७०० पासून औरंगजेबाशी झुंज दिली तीही मुलाच्या नावानं. १७१४ मध्ये राजसबाईंनी त्यांना कैदेत टाकलं तेही आपल्या मुलाच्या नावानं.

पुरुष भांडले की मात्र त्याला इतिहास म्हणायचं. बसवकल्याण आपल्या उशाशी आहे. तिथल्या चालुक्य घराण्यात सोमेश्वर आणि विक्रमादित्य हे सख्खे भाऊ गादीसाठी लढले. १०७६ मध्ये धाकट्यानं थोरल्याला काढून गादी घेतली आणि पन्नास वर्षं राज्य केलं. त्याच्या दरबारी बिल्हण कवीनं काव्य लिहून ही देवाचीच इच्छा होती असं ठरवून टाकलं. बायकांच्या वाट्याला असा कवी येत नाही.

त्याच घराण्यातली अक्कादेवी मात्र आपल्याला ठाऊकच नसते. राजा जयसिंहाची बहीण. १०१० पासून पुढं अर्धशतकभर तिचं नाव शिलालेखांत येत राहतं, आणि ते किसुकाडू प्रांताची कारभारीण म्हणून. तिनं गोकाकच्या किल्ल्याला वेढा घातला, जिनालयाला दान दिलं. तिच्या हाताखाली प्रांत होता, त्याचं उत्पन्न होतं, हुकूम तिच्या नावानं निघत होता. तिच्या कारस्थानाची एकही गोष्ट आपल्यापर्यंत आलेली नाही. मला त्यात नवल वाटत नाही. समोरच्या दारानं जाता येत असेल तर खिडकीतून कोण शिरेल?

युरोपातही हेच दिसतं. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया इंग्लंडची राणी झाली, पण हॅनोव्हरचं राज्य तिला मिळालं नाही. तिथं बाईला गादी नव्हती म्हणून ते काकाकडं गेलं. तीच बाई, तेच रक्त, दोन कागद वेगळे. स्वीडननं १९८० साली नियम बदलला, तेव्हा सात महिन्यांच्या राजपुत्राचं युवराजपद त्याच्या दोन वर्षांच्या बहिणीकडं गेलं. काही आभाळ कोसळलं नाही. इंग्लंडनं २०१३ मध्ये कायदा करून राजघराण्यात थोरल्या बहिणीला धाकट्या भावाच्या मागं ढकलणं बंद केलं. सरदारांच्या बहुतेक पदव्या मात्र तिथं आजही मुलाकडंच जातात.

आता आपला कागद. ज्या वर्षी आपले बिदर-कलबुर्गी म्हैसूर राज्यात गेले आणि उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडं गेले, त्याच १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा आला. तो जैनांनाही लागू आहे. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत, त्यानं मृत्युपत्र केलं नसेल तर, मुलीला मुलाबरोबर वाटा मिळाला. पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित इस्टेटीत ती जन्मानं हक्कदार नव्हती, आणि राहत्या घराची वाटणी तिला स्वतःहून मागता येत नव्हती. कर्नाटकानं १९९४ मध्ये मुलीला वडिलोपार्जित इस्टेटीत हक्क दिला, पण लग्न न झालेल्यांनाच. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर सगळ्या मुलींना, लग्न झालेल्यांनाही, मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. घराच्या वाटणीची ती अटही गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या कायम.

म्हणजे डाउन्टनच्या लेकींना जो कागद मोडता येत नव्हता, तो आपल्यासाठी संसदेनं मोडून दिलाय. आणि आपण काय करतो? सब-रजिस्ट्रार ऑफिसात जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून तो पुन्हा जोडतो. त्यातही आपल्या भागाची एक खास गोष्ट. माहेर उदगीरला, सासर भालकीला, किंवा उलटं. मराठी शाळेत शिकलेल्या बाईपुढं कन्नड कागद येतो, 'हक्कु बिडुगडे पत्र'. कन्नड शाळेत शिकलेलीपुढं मराठी येतो. वाचता येत नाही, विचारायची लाज वाटते, मागं भाऊ उभा, पुढं कारकून घाई करतोय. गावानच्या शिक्क्याचं पत्र निदान चोरून केलेलं होतं. आपण न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठ्याची शाई पुसत हसतमुखानं सही करून येतो आणि वाटेत भावाच्या पैशानं उसाचा रस पितो.

यावर बायका काय म्हणतात तेही मला पाठ आहे. "लग्नात दिलं की एवढं." जे दिलं ते कुणाला दिलं? सासरच्यांना. डाउन्टनच्या सासूबाईंच्या सुनेनं आणलेले पैसे जसे इस्टेटीत विरघळले तसे तुमचे सोनं-भांडी-रोकड विरघळले. त्याची पावती तुमच्या नावावर आहे का?

"भावाशी नातं तुटेल." जे नातं सहीवर टिकतं ते सही झाल्यावर कशावर टिकणार? थोरला धाकट्याला वाटा देतो, तेव्हा "नातं तुटेल, तू सोडून दे" असं कुणी धाकट्याला सांगत नाही. उलट व्यवहार चोख असला की नातं गोड राहतं, ही म्हण पुरुषांसाठीच राखून ठेवलीय.

आणि तिसरं, आपल्या समाजातलं खास: "आपण जैन. अपरिग्रह आपला धर्म. जमिनीवरून काय भांडायचं?" हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अपरिग्रह हे व्रत भावाला का सांगत नाही कुणी? परिग्रहाला मर्यादा घालायची ती श्रावकानं आणि श्राविकेनंही. त्याग करायला आधी ती वस्तू आपली असावी लागते. जे तुमच्या हातात कुणी येऊच दिलं नाही ते सोडण्याला त्याग म्हणत नाहीत. हजार वर्षांपूर्वीची आपली अत्तिमब्बे आठवा. नवरा रणात पडला, विधवा झाली. तिनं पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, लक्कुंडीला बसदी बांधली, आणि 'दानचिंतामणी' म्हणून गाजली. तिच्या हातात धन होतं म्हणून दान झालं. आज पंचकल्याणकाच्या बोलीत किती बायका स्वतःच्या पैशानं बोलतात? इंद्र-इंद्राणीच्या वेशात आपण बसतो, बोली नवरा बोलतो, फरशीवर नाव त्याचं.

मी भांडा म्हणत नाही. कोर्टात जा म्हणत नाही. ज्यांना भावाला द्यायचंच आहे त्यांनी खुशाल द्यावं. भाऊ अडचणीत असेल तर दिलंच पाहिजे. पण देणं म्हणजे माहीत असून देणं. म्हणून एवढंच करा. पहाणी किंवा सातबारा बघा, त्यावर कुणाकुणाची नावं आहेत ते वाचून घ्या. परक्या लिपीतला कागद विश्वासातल्या माणसाकडून समजून घेतल्याशिवाय सही करू नका. आणि तो माणूस भाऊ नको, नवराही नको, कारण दोघांचाही त्यात जीव अडकलेला असतो. सही केलीच तर नक्कल घरी आणा. वडील गेले असतील तर आईचाही वाटा असतो. तिच्यापुढं आलेला कागदही बघा. नव्या घराचं खरेदीखत होत असेल तर त्यात आपलं नाव घालायला सांगा, आणि ते हसण्यावारी नेलं तर पुन्हा सांगा.

ज्यांना मुलगा आणि मुलगी दोन्ही आहेत त्यांनी आणखी एक करावं. आपल्या हयातीत, दोघांना समोर बसवून, काय आहे आणि कुणाचं किती आहे ते सांगून टाकावं. मुलीला आधी सांगावं. तिच्या सासरची माणसं तिला ते सांगायला येणार नाहीत.

मग दुपारी त्या मालिका जरूर बघा. वाड्यातली सासू सुनेला टोमणा मारेल तेव्हा "बाईची जात" म्हणायच्या आधी एवढं विचारा, तो वाडा कुणाच्या नावावर आहे?